दोघांची खोली: जुनं घर न पाडता पाहुण्या जोडप्यासाठी खोली कशी करायची?



या अंकाचा धडा होमस्टेवर आहे. त्यातही एकाच खोलीवर: नवराबायको किंवा दोघंच जण मुक्कामाला येतात, त्यांच्यासाठीची खोली. ताडोबाच्या बफरमधल्या गावांतून या वर्षी गटांकडे कर्जाच्या मागण्या येत आहेत, त्यात "पाहुण्यांसाठी खोली बांधणे" हे कारण वारंवार दिसतं. बहुतेक अर्जांत एकच चित्र असतं: जुनं कवेलूचं घर पाडायचं, तिथे स्लॅबची खोली उभी करायची, टाइल्स बसवायच्या, भिंतीला गुलाबी रंग द्यायचा आणि बाजूच्या रिसॉर्टसारखं दिसायचं. हे चित्र खर्चाचं आहे आणि बरेचदा चुकीचंही आहे. का ते या धड्यात बघू. धडा बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा, मग शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करावी.

१. कोण येतं, कधी येतं?

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान. पुढे अंधारी अभयारण्य त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. आज गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि बफर धरून सगळं मिळून १,७०० च्या वर जातं. आपली बरीच गावं या बफरमध्ये येतात. भद्रावती तालुक्यात मोहर्ली, चिमूर तालुक्यात कोलारा ही गेटं सगळ्यांना माहीत आहेतच. आगरझरी, देवाडा, जुनोना असे बफरचे गेटही आता चालतात.

पाहुणा येतो तो सफारीसाठी. गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, आणि एरवी मंगळवारी बंद. म्हणजे आपला मोसम ऑक्टोबर ते जून, नऊ महिन्यांचा. त्यातही गर्दी शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुटीत. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तरी लोक येतात, कारण त्या दिवसांत वाघ पाणवठ्यावर दिसतो.

आलेल्यांत एक मोठा भाग दोघांचा असतो. नवीन लग्न झालेले, लग्नाचा वाढदिवस साजरा करणारे, मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच दोघंच बाहेर पडलेले पन्नाशीचे नवराबायको. यांची गरज कुटुंब घेऊन येणाऱ्यांपेक्षा वेगळी असते. कुटुंबाला जास्त खाटा हव्या असतात, मुलांना खेळायला आंगण हवं असतं. दोघांना एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे एकांत. आपल्या घरात हीच गोष्ट सगळ्यात दुर्मीळ. सासू ओसरीवर, पोरं खोलीत, शेजारीण दारात. म्हणून धड्याचं पहिलं वाक्य लिहून ठेवा: जोडपं थाटासाठी पैसे देत नाही, ते एकांत, स्वच्छता आणि भरवसा यासाठी पैसे देतं.

२. सातासमुद्रापलीकडचं उदाहरण

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीचं राज्य १८३७ ते १९०१ पर्यंत होतं. आपला चांदा जिल्हा १८५४ साली इंग्रजांकडे गेला, तो याच राणीच्या काळात. त्या दिवसांत तिकडे रेल्वे वाढली आणि गिरण्यांतले कामगार सुटीत समुद्रकाठी जायला लागले. ब्लॅकपूल नावाच्या गावात त्यांना उतरायला मोठी हॉटेलं परवडत नव्हती. तिथल्या बायकांनी आपल्या घरातल्या खोल्या द्यायला सुरुवात केली. झोपायला पलंग आणि जेवायला घरचं. त्यात विधवा होत्या, एकट्या होत्या. त्या बायका पुढे इतक्या प्रसिद्ध झाल्या की "ब्लॅकपूलची घरमालकीण" हा तिकडे शब्दच झाला.

आज त्या काळातली जुनी घरं इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत पाहुण्यांसाठी चालवतात. याला तिकडे बेड अँड ब्रेकफास्ट म्हणतात, आपल्या शासनाच्या कागदावर "निवास व न्याहारी". जोडपी मुद्दाम शोधून अशा घरांत जातात. तिथे काय असतं? चार खांबांचा लाकडी पलंग, वरून सोडलेला पडदा, खिडकीला जाळीचं कापड, थंडीसाठी शेकोटी. प्रत्येक खोलीला आकड्याऐवजी नाव. सकाळी घरमालकीण स्वतः न्याहारी वाढते आणि घर कोणी बांधलं, कोण राहत होतं ते सांगते.

यातून आपण काय घ्यायचं? त्यांचा पलंग नाही आणि त्यांचा पडदाही नाही. घ्यायचं ते एवढंच की त्यांनी जुनं घर पाडलं नाही. शंभर-दीडशे वर्षांचं घर तसंच ठेवलं, फक्त संडास-न्हाणी नवी केली, छत गळू दिलं नाही, गादी चांगली घातली. पाहुणा नवेपणासाठी येत नाही, तसं तर त्याचं स्वतःचं घर नवंच असतं. स्लॅबची खोली नागपूर-पुण्याच्या माणसानं रोज पाहिलेली आहे. कवेलूचं छप्पर, मातीची जाड भिंत, शेणानं सारवलेलं आंगण त्यानं कित्येक वर्षांत पाहिलेलं नसतं.

मातीच्या भिंतीचा दुसराही फायदा आहे. मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. जाड मातीची भिंत त्या मानानं सावकाश तापते आणि कवेलू लवकर थंड होतात. म्हणजे आपल्या आजीचं घर उन्हाळ्यातल्या पाहुण्याला जास्त सोयीचं, आणि विजेचं बिलही कमी.

३. खोलीत काय हवं?

यादी क्रमानं दिली आहे. पैसे कमी असतील तर वरून सुरुवात करा, खालचं नंतर.

पहिलं, कडी. दाराला आतून लागणारी मजबूत कडी आणि खिडकीला आतून बंद होणारी फळी. हे शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, आणि ते नसेल तर बाकीचा सगळा खर्च वाया. खोलीची दुसरी चावी घरात असेल तर पाहुण्याला सांगा, आणि न विचारता आत जाऊ नका. झाडायचं असलं तरी हाक मारा, थांबा, उत्तर आल्यावर जा. घरातल्या लहान पोरांनाही हे शिकवा.

दुसरं, खोलीला लागून संडास-न्हाणी. रात्री आंगण ओलांडून जावं लागत असेल तर जोडपं दुसऱ्यांदा येणार नाही. शिवाय आपल्याकडे रात्री बाहेर पडणं धोक्याचंही आहे. बसायचा कमोड, पाण्याचा नळ किंवा भरलेली टाकी, बादली, मग्गा, साबण, झाकणाचा कचऱ्याचा डबा. न्हाणीलाही आतून कडी आणि वर जाळी. सॅनिटरी पॅड टाकायला कागदी पिशव्या ठेवा. पाहुणीला ते कोणाला विचारायला लागू नये.

तिसरं, गादी आणि चादर. पांढरी किंवा फिकट रंगाची चादर, दोन जोड. स्वच्छता दिसायला हवी, म्हणून फिकट. प्रत्येक पाहुण्यानंतर चादर, उशीचे अभ्रे, टॉवेल धुवायचे, "एकच रात्र तर झोपले" म्हणून झटकून परत घालायचे नाहीत. थंडीत डिसेंबर-जानेवारीला दुलई किंवा आपल्या हातची गोधडी. गोधडी शिवणाऱ्या ताया गटात आहेत, त्यांच्याकडून घ्या. पाहुणा विचारेल "ही विकत मिळेल का?" तेव्हा ती विक्रीही होईल.

चौथं, मच्छरदाणी. तिकडच्या पलंगाला वरून सोडलेला पडदा शोभेसाठी असतो, आपल्याकडे तीच जागा मच्छरदाणीची. गडचिरोलीतून मलेरिया अजून गेलेला नाही, त्यामुळे ही वस्तू जास्तीची समजू नका. पांढरी, चौकोनी, पलंगाच्या चारही बाजूंनी गादीखाली खोचता येईल अशी घ्या. ती दिसतेही सुंदर. वेगळी सजावट लागत नाही.

पाचवं, पलंग भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला झोपेत चावतो. त्याचा चावा कित्येकदा दुखतसुद्धा नाही, म्हणून लक्षात येत नाही. खोलीत धान्याची पोती, लाकडं, अडगळ ठेवू नका. पोत्यांमागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. दाराखालची फट कापडाची गुंडाळी लावून बंद करा.

सहावं, हवा आणि उजेड. पंखा, उन्हाळ्यात कूलर, पलंगाजवळ हाताला येईल असं बटण, मोबाइल चार्ज करायला जागा. वीज गेली तर सोलरचा दिवा. ट्यूबलाइटपेक्षा पिवळा बल्ब बरा, खोली उबदार वाटते. झाला शोभेचा खर्च.

सातवं, खोलीचं नाव. खोली नंबर एक, नंबर दोन असं न लिहिता मोह, पळस, तेंदू, आंजन, बेहडा अशी आपल्याच जंगलातली नावं द्या. दारावर हातानं रंगवा. पाहुणा परत फोन करतो तेव्हा म्हणतो, "मागच्या वेळची मोहवाली खोली आहे का?"

काय नको तेही लिहिते. प्लॅस्टिकची फुलं नको. फुग्यांची सजावट, बदामाच्या आकाराच्या उश्या नको, त्या धुताही येत नाहीत. रिसॉर्टची नक्कल केली की पाहुणा आपली तुलना रिसॉर्टशी करतो, आणि त्यात आपण हरतो. घर म्हणून उभं राहिलो तर तुलना होतच नाही.

४. सकाळ आणि रात्र

सफारीची गाडी पहाटे निघते. पाहुण्याला अंधारातच चहा लागतो. म्हणून आदल्या रात्री विचारा, किती वाजता उठायचं, चहा साखरेचा की बिनसाखरेचा. न्याहारी सफारीहून आल्यावर निवांत द्या, किंवा डब्यात बांधून द्या. तर्रीपोहे, भाकर आणि जवसाची चटणी, पातोडी, मोहफुलाचे लाडू. जे तुम्ही घरी चांगलं करता तेच करा. पाहुण्यासाठी म्हणून ब्रेड-जाम आणायला तालुक्याला जाऊ नका.

जेवण वाढताना एक लक्षात ठेवा. काही जोडप्यांना तुमच्याशी बोलायचं असतं, काहींना नसतं. ताट वाढा, काय काय आहे ते सांगा, मग "काही लागलं तर हाक मारा" म्हणून बाजूला व्हा. ते बोलायला लागले तर बसा. "लग्नाला किती वर्षं झाली?", "पोरंबाळं किती?" हे प्रश्न आपण मायेनं विचारतो, पण पाहुणीला ते टोचू शकतात. मूल नसलेली बाई आपल्या गावात या प्रश्नानं किती दुखावते हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता रात्र. जोडप्यांना चांदणं पाहायचं असतं, तळ्यावर जायचं असतं, रस्त्यानं पायी फिरायचं असतं. इथे ठाम राहा. संध्याकाळी अंधार पडल्यावर पाहुण्यानं आंगणाच्या बाहेर पायी जायचं नाही. वाघ-बिबट्यानं माणूस मारल्याच्या घटना आपल्या जिल्ह्यात होतात, कोणाच्या वावरात, कोणाच्या सांदवाडीत हे आपण जाणतो. शहरातल्या माणसाला ते कळत नाही, त्याला वाघ जिप्सीतून पाहायची वस्तू वाटते. म्हणून खोलीत एक कागद लावा, मोठ्या अक्षरात: "सूर्य मावळल्यावर आंगणाबाहेर जाऊ नये. बाहेर जायचं असल्यास घरच्यांना उठवावे." आंगणात कुंपणाच्या आत दोन खाटा टाका, एक दिवा ठेवा. चांदणं तिथूनही दिसतं. शिल्लक अन्न आणि कोंबडीची हाडं घराजवळ टाकू नका, त्यानं कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

५. "लग्नाचे नसले तर?"

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. प्रशिक्षणात एका ताईनं सरळच विचारलं होतं, "मॅडम, जोडपं आलं अन् लग्नाचं नसलं, तर गावातले लोकं का म्हणतीन?"

आधी कायदा. अठरा वर्षांवरच्या, लग्न न झालेल्या दोघांनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये कोईमतूरच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. म्हणजे तुम्ही दोन सज्ञान माणसांना खोली दिली तर तुम्ही काही गुन्हा केलेला नाही.

पण तीन गोष्टी पाळायच्याच. एक, दोघांचंही ओळखपत्र पाहायचं, एकाचं नाही. नाव, पत्ता, फोन, आल्या-गेल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहायची, सही घ्यायची. दोन, दोघांपैकी एकाचंही वय अठराच्या आत असेल आणि सोबत आईवडील नसतील तर खोली द्यायची नाही. इथे विचार करायचा नाही, तडजोड नाही. तीन, मुलगी घाबरलेली दिसली, बोलताना सोबतच्याकडे पाहून बोलत असेल, तर पाणी द्यायच्या निमित्तानं तिला एकटीला गाठून विचारायचं. गरज वाटली तर ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ ला फोन करायचा. आपण बायका आहोत, हे आपल्याला रिसॉर्टच्या काउंटरवरल्या माणसापेक्षा लवकर कळतं.

आता गाव. तुमचं घर आहे, तुमचे नियम तुम्ही ठरवू शकता. घरात म्हातारी माणसं आहेत, फक्त कुटुंबांनाच ठेवायचं असं ठरलं तर तसं ठेवा. पण ते बुकिंगच्या फोनवर सांगा. रात्री नऊ वाजता दारात आलेल्या दोघांना "तुमचं लग्न झालं का?" विचारून बफरच्या रस्त्यावर परत पाठवणं, हे मात्र कोणत्याही हिशेबात बरोबर नाही. नियम आधी सांगितला तर तो नियम असतो, दारात सांगितला तर तो अपमान असतो.

आणि पाहुण्याची गोष्ट गावात जाऊ देऊ नका. कोण आलं, कोणासोबत आलं हे रजिस्टरमध्ये राहतं, विहिरीवर नाही. पाहुण्यांचे फोटो त्यांना न विचारता गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. खोलीत किंवा न्हाणीत कॅमेरा लावणं, चोरून पाहणं, चित्रीकरण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घरातल्या आणि शेजारच्या पोरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

६. हिशेब: किती रात्री भराव्या लागतील?

आता वही-पेन घ्या. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून हाच हिशेब पुन्हा करा.

समजा खोलीचं भाडं न्याहारीसह १,५०० रुपये. एका रात्रीचा खर्च असा:

दोघांचा चहा आणि न्याहारी: १८० रुपये
धुणं, साबण, फिनेल: ७० रुपये
वीज: ५० रुपये
तुमची मजुरी: १५० रुपये
एकूण: ४५० रुपये

मजुरीची ओळ खोडू नका. वावरात दुसऱ्याकडे गेलो तर रोजी मागतो, मग स्वतःच्या घरातलं काम फुकट कसं? ती रक्कम त्या-त्या दिवशी वेगळी काढा. ती तुमची.

१,५०० मधून ४५० गेले, उरले १,०५०. पहिल्या वर्षी किती रात्री भरतील? मोसमात साधारण ३९ आठवडे असतात. ओळख व्हायला वेळ लागतो, म्हणून आठवड्याला एकच रात्र धरू, ४० रात्री. ४० गुणिले १,०५० म्हणजे वर्षाला ४२,००० रुपये.

आता दोन ताया घेऊ. पहिलीनं जुनं घर पाडून स्लॅबची नवी खोली बांधली, ४,५०,००० रुपये कर्ज, वर्षाला १२ टक्के व्याज. पहिल्या वर्षाचं व्याजच ५४,००० होतं. मिळाले ४२,०००. म्हणजे खोली भरूनही १२,००० रुपये धान विकून घालावे लागले, आणि मुद्दल जागचं हललं नाही. नुसतं व्याज निघायलाच तिला ५२ रात्री लागतात.

दुसरीनं कवेलूची खोली ठेवली. कवेलू फेरले, भिंत लिंपली, लागून संडास-न्हाणी बांधली, पलंग, गादी, मच्छरदाणी, कूलर घेतला. समजा १,३०,००० लागले. पहिल्या वर्षाचं व्याज १५,६००. मिळालेल्या ४२,००० मधून व्याज गेलं, २६,४०० मुद्दलात गेले. याच वेगानं चौथ्या वर्षाअखेर तिच्या डोक्यावर चारेक हजारच उरतात. वर्षाला ६० रात्री भरल्या तर तिसऱ्या वर्षातच कर्ज फिटतं.

दोघींकडे पाहुणे तेवढेच आले. फरक फक्त पहिल्या दिवशी काय पाडलं आणि काय ठेवलं याचा आहे. म्हणून गटानं कर्ज मंजूर करताना "किती हवे?" या प्रश्नाच्या आधी "वर्षाला किती रात्री भरतील, आणि तेवढ्यात व्याज निघेल का?" हा प्रश्न विचारावा. ज्या वर्षी जंगलात काही कारणानं पर्यटन बंद राहिलं, त्या वर्षीही हप्ता येतो, हे कोरोनानं दाखवून दिलेलं आहे.

७. कागद आणि मालकी

खोली सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घ्या. पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी किंवा होमस्टे म्हणून नोंदणी होते, आपल्यासाठी त्यांचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची मूलभूत नोंदणी करा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते, ती कशी भरायची ते पोलीस ठाण्यात आधीच समजून घ्या.

राज्य शासनानं २०२३ मध्ये महिलांसाठी "आई" हे पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन व्यवसायासाठी महिलेनं बँकेकडून घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, शासन परत करतं. मुदत जास्तीत जास्त ७ वर्षं किंवा व्याजाची रक्कम साडेचार लाख होईपर्यंत, जे आधी होईल ते. अट अशी की व्यवसाय महिलेच्या मालकीचा आणि तिनंच चालवलेला हवा, पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेला हवा आणि हप्ते वेळेवर भरलेले हवे. पण १५ लाखांपर्यंत मिळतं म्हणून १५ लाख काढायचे नाहीत. व्याज परत मिळतं, मुद्दल नाही.

मालकीची गोष्ट इथेच येते. बऱ्याच घरांत कर्ज बाईच्या नावावर, राबणारी बाई, आणि बुकिंगचा फोन नवऱ्याचा, पैसे येणारं खातं मुलाचं. मग वर्षाअखेर तिला विचारलं की "किती मिळाले?", ती म्हणते, "ते त्यायलेच माहीत." हा होमस्टे तिचा नाही, ती तिथली बिनपगारी मोलकरीण आहे. म्हणून नोंदणी तुमच्या नावावर, फोन तुमचा, क्यूआर कोड तुमच्या खात्याचा, रजिस्टर तुमच्या हातात. घरच्यांची मदत जरूर घ्या, गाडी चालवणं, गेटवर नेणं, इंग्रजी बोलणं. मदत आणि मालकी यात फरक आहे.

वनहक्काच्या पट्ट्याची जमीन असेल तर आणखी सावध राहा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ती जमीन वारसानं पुढे जाते, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. "जागा तुमची, पैसा आमचा" म्हणत कोणी करार घेऊन आला तर सही करण्याआधी तो कागद गटात वाचून घ्या.

८. गडचिरोलीकडच्या तायांसाठी

तुमच्याकडचा हिशेब वेगळा आहे. भामरागडजवळ हेमलकसा, कमलापूरचे हत्ती, आलापल्लीचं जुनं सागवानाचं वनवैभव, मार्कंड्याची देवळं इथे लोक येतात, पण त्यात देवदर्शनाला आलेली कुटुंबं आणि अभ्यासाला आलेले विद्यार्थी बरेच. तिथे आधी चार-पाच खाटांची साधी, स्वच्छ खोली जास्त चालेल. दोघांची खोली दुसऱ्या टप्प्यात करा. कोणाकडे बघून खोली बांधायची नाही, आपल्या रस्त्यानं कोण जातं ते बघून बांधायची. एक महिना वहीत लिहा: गावात बाहेरचे किती आले, किती जणांनी "इथे राहायची सोय आहे का?" विचारलं. ती वही कर्जाच्या अर्जाला जोडा.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात कवेलूची, मातीची किती घरं उरली? त्यातली कोणती खोली थोड्या दुरुस्तीत पाहुण्यांना देता येईल?
२. ज्यांच्याकडे आधीच पाहुणे येतात त्यांच्या खोलीच्या दाराला आणि न्हाणीला आतून कडी आहे का? या आठवड्यात जाऊन पाहा.
३. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याला खोली द्यायची की नाही? प्रत्येकीनं आपलं मत सांगावं. ठरेल ते फोनवर कोणत्या शब्दांत सांगायचं, ते दोघींनी बोलून दाखवावं.
४. कलम ६ मधला हिशेब आपल्या गावच्या भावानं करा. वर्षाला किती रात्री भरल्या तर व्याज निघतं? तो आकडा फळ्यावर लिहा.
५. बुकिंगचा फोन आणि खातं कोणाच्या नावावर आहे?

चौथ्या प्रश्नाचा तुमचा आकडा आणि तो कसा काढला, ते पुढच्या महिन्याच्या बैठकीआधी आपल्या सीआरपी ताईकडे लिहून द्या. वेगवेगळ्या गावांचे आकडे एकत्र करून पुढच्या अंकात छापू, म्हणजे ज्यांना खोली करायची आहे त्यांना दुसऱ्या गावाच्या हिशेबावरून शिकता येईल.